रात्रभर जागणारं शहर आणि तुमचा दुसरा दिवस : वाचकांचे प्रश्न

प्रवासाची तिकिटं काढून झाल्यावर कळतं की आपण ज्या शनिवारी तिथे असू, त्याच रात्री ते शहर कलेसाठी पहाटेपर्यंत उघडं असणार आहे. 'न्वी ब्लांश' हे नाव फ्रेंच भाषेतलं. शब्दशः अर्थ पांढरी रात्र, पण फ्रेंच माणूस तो शब्द डोळ्याला डोळा न लागलेल्या रात्रीसाठी वापरतो. पॅरिसने २००२ साली या नावाने रस्त्यांवर, चौकांत रात्रभर कलाकृती दाखवण्याचा उत्सव सुरू केला आणि पुढे अनेक शहरांनी तो आपलासा केला. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच पेचाचे आहेत : जावं की हॉटेलात झोपावं? आमचं मत आधीच सांगून टाकतो. निर्णय उत्सवाकडे बघून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी काय करायचं आहे त्यावरून घ्या.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको ऑक्टोबरच्या सुरुवातीला भारतातून टोरांटोला पहिल्यांदाच जातोय. गुरुवारी रात्री पोचू. शनिवारी रात्री तिथे न्वी ब्लांश आहे. रविवारी सकाळी भाड्याच्या गाडीने नायगाऱ्याला जायचं ठरलंय. रात्रभर जागून गाडी चालवणं जमेल, की उत्सवावर पाणी सोडावं?

उत्सव सोडू नका, रविवारची गाडी सोडा.

टोरांटोहून नायगारा सुमारे १३० किलोमीटर. एरवी दीड-दोन तासांचा रस्ता. पण जागरणानंतर तो तुमचा रस्ता नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली मोजून दाखवलं होतं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं ढासळतं आणि २४ तासांनंतर ते ०.१० टक्क्यांच्या आसपास जातं. कॅनडात ०.०८ टक्क्यांवर गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्यातून तिथे गाडी उजव्या बाजूने चालते. दमलेला मेंदू जुन्या सवयीकडे वळतो आणि मोकळ्या चौकात डावीकडचा रस्ता धरतो. हा धोका आम्हाला झोपेच्या डुलकीइतकाच मोठा वाटतो, कारण तो ओढवताना जाणवत नाही.

नायगारा सोमवारी ठेवा. रविवारीच जायचं असेल तर युनियन स्टेशनवरून गो ट्रांझिटची रेल्वे नायगारा फॉल्सपर्यंत जाते. दोन तासांहून जरा जास्त वेळ लागतो, पण तो वेळ झोपेत घालवता येतो. गाड्या मोजक्या असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा.

आता रात्रीचं गणित. इथे तुम्ही नवखे असण्याचा चक्क फायदा आहे. ऑक्टोबरमध्ये टोरांटो भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा भारतात दुपारचे साडेबारा झालेले असतात. माणसाचं शरीर सगळ्यात ढेपाळतं ते पहाटे चार-पाचच्या सुमारास. भारतीय वेळेने ती घटका टोरांटोत संध्याकाळी साडेसहा ते साडेसातला येते. गुरुवारपासून शनिवारपर्यंत अंगातलं घड्याळ फार तर दोन-तीन तास सरकलं असेल, म्हणजे तुमची खरी गाढ झोपेची वेळ रात्री नऊ-दहाच्या आसपास असेल. स्थानिक माणूस पहाटे चारला पेंगतो, तुम्ही नऊलाच पेंगणार आणि चारला टवटवीत असणार.

म्हणून सातला उत्सव सुरू होताच धावू नका. साडेपाचला पोटभर जेवा, सहाला खोलीत अंधार करून झोपा, दोघांच्याही फोनवर साडेदहाचा गजर लावा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं जड राहतं, ते साहजिक आहे. तोंड धुवा, थोडं खा आणि अकराच्या पुढे बाहेर पडा. संध्याकाळी लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं तोवर परतू लागलेली असतात. एक वाजेपर्यंत तरुणांची गर्दी असते आणि तीननंतर चौक मोकळे होतात. ज्या मांडणशिल्पापुढे (वस्तू मांडून उभारलेल्या कलाकृतीपुढे) दहा वाजता चार रांगांच्या मागून डोकावावं लागतं, त्याच्या भोवती साडेतीनला निवांत चक्कर मारता येते. आम्हाला विचाराल तर सगळ्या उत्सवाचं सार याच दोन तासांत आहे.

वाहनांचं नीट बघून घ्या. टोरांटोची सबवे एरवी रात्री दीडच्या सुमारास बंद होते आणि रविवारी सकाळी आठच्या सुमारास सुरू होते. उत्सवाच्या रात्री मुख्य मार्गांवर जादा गाड्या ठेवण्याची पद्धत आहे. कोणते मार्ग, किती स्टेशनांपर्यंत, हे दर वर्षी जाहीर होतं, तेवढं शुक्रवारी तपासा. शिवाय तीनशेच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या 'ब्लू नाइट' बसगाड्या रात्रभर असतात. तुमच्या हॉटेलाजवळून जाणाऱ्या बसचा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा.

अंतराचा अंदाज असा : क्वीन स्ट्रीटपासून ब्लूअर स्ट्रीटपर्यंत चालत गेलात तर दोन किलोमीटर, क्वीनपासून खाली सरोवराच्या काठापर्यंत साधारण दीड. नकाशावर हे शेजारी वाटतं. पण थांबत, मागे वळत, रांगा लावत सहा तासांत सहज दहा-पंधरा किलोमीटर होतात. नवे बूट घालू नका. टाचेला नेहमी जिथे घासतं तिथे आधीच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी ओल्या कातडीवर टिकत नाही. पायमोज्यांचा एक कोरडा जोड सोबत ठेवा आणि दोनच्या सुमारास बदला. एवढ्याशा गोष्टीने पुढचे तीन तास निभतात.

ऑक्टोबरच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास असतो आणि सरोवरावरून वारा येतो. चालताना उकडतं, उभं राहिलं की हुडहुडी भरते. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं जाकीट बरं. सात वाजता परत आल्यावर दुपारपर्यंत झोपू नका. तीन-चार तासांवर उठून उन्हात बाहेर पडा, नाहीतर घड्याळ लागायला आणखी तीन दिवस जातील.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला पॅरिसमधला आमचा आठवा आणि शेवटचा दिवस शनिवार आहे, त्याच रात्री न्वी ब्लांश. रविवारी सकाळी अकराला शार्ल द गोल विमानतळावरून विमान. हॉटेलची खोली सोडून सामान ठेवायचं आणि रात्रभर फिरून थेट विमानतळ गाठायचा, असा विचार आहे. एका रात्रीचं भाडंही वाचेल.

खोली सोडू नका. वाचणारं भाडं एका चुकलेल्या विमानापुढे काहीच नाही.

पॅरिसचा उत्सव पूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी असे, २०२३ पासून तो जूनमध्ये आला. या एका बदलाने रात्रच लहान झाली. जूनच्या सुरुवातीला तिथे सूर्य दहाला दहा मिनिटं कमी असताना मावळतो आणि पहाटे सहाच्या आत उगवतो. भिंतीवर प्रकाशझोताने उमटवलेल्या प्रकाशचित्रांना अंधार लागतो. साडेदहाच्या आधी ती फिकट दिसतात आणि पाचनंतर पुन्हा पुसट होऊ लागतात. आठला जाऊन 'काहीच दिसत नाही' म्हणत परतणारे लोक दर वर्षी असतात.

शनिवारी रात्री मेट्रोची शेवटची गाडी टोकाच्या स्टेशनला सव्वादोनच्या सुमारास पोचते. म्हणजे मधल्या स्टेशनावर तुम्ही दीडपर्यंत असायला हवं, आणि मध्ये मार्ग बदलायचा असेल तर सव्वापर्यंत. उत्सवासाठी एखाद-दुसरा मार्ग रात्रभर चालू ठेवला, तरी सगळे चालू नसतात. त्यानंतर साडेपाचपर्यंत 'नॉक्तिलियां' या रात्रबस. त्या शातले, गार द लेस्त, गार द लियों, मोंपार्नास, सें-लाझार या ठिकाणांवरून सुटतात. बस भरून येते, फेऱ्यांत अंतर असतं आणि उत्सवासाठी रस्ते बंद असले की थांबे हलवतात. ही अडचण आधी माहीत असली की त्रास होत नाही, पहाटे तीनला कळली की फार होतो.

तुमच्यासाठी आमचा सल्ला असा. शनिवारी दुपारी सामान बांधून टाका, पासपोर्ट आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे वर ठेवा. पाच ते सात झोपा. साडेदहाला बाहेर पडा, हॉटेलच्या बाजूचा एकच भाग निवडा आणि सव्वाला मेट्रो धरा. दोन ते सहा झोप मिळते. अकराच्या विमानासाठी आठला विमानतळावर पोचायचं, तर सव्वासहाला उठणं पुरतं. पावणेतीन तास भरगच्च पाहून होतं आणि उद्याचा दिवस हातात राहतो.

रात्रभर फिरून थेट निघण्याचा बेत कुठे फसतो तेही सांगतो. रस्त्यात फसत नाही. साडेचारला हॉटेलात सामान घ्यायला येता, लॉबीतल्या सोफ्यावर 'पाच मिनिटं टेकू' म्हणता आणि आठला कुणीतरी हलवून उठवतं. अंगाचं तापमान त्या वेळी दिवसातल्या तळाला असतं, बाहेरच्या गारठ्यातून उबेत आलेलं असतं. गजर ऐकू येत नाही. म्हणून विमान दुपारी तीननंतरचं असेल, खोली हातात असेल आणि संध्याकाळी चार तासांची झोप झालेली असेल, तरच पॅरिसमध्ये पूर्ण रात्र करा.

भारतातून नुकत्याच पोचलेल्यांसाठी एक टीप. पॅरिस उन्हाळ्यात साडेतीन तासच मागे असतं. अंगातली पहाटेची चारची घटका तिथे रात्री साडेबाराला येते. त्यामुळे टोरांटोचा हिशेब पॅरिसला लावू नका. इथे मध्यरात्रीच गळाठाल आणि चारनंतर पुन्हा जाग येईल.

प्रश्न : या रात्रीचं तिकीट किती असतं? सगळ्या शहरांत सारखंच का?

पॅरिस आणि टोरांटोत उत्सव फुकट असतो, रस्त्यावरच असतो. बर्लिनची 'संग्रहालयांची दीर्घ रात्र' वेगळी. ती १९९७ पासून चालू आहे, आता ऑगस्टमध्ये असते, एक तिकीट काढून सहभागी संग्रहालयांत कितीही वेळा जाता येतं आणि ती रात्री दोनला संपते. ॲम्स्टरडॅमची संग्रहालय-रात्र नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, तीही तिकिटाची आणि दोनपर्यंतच. हेलसिंकीत १९८९ पासून ऑगस्टमधल्या एका गुरुवारी कलेची रात्र असते. नाव 'रात्र' असलं तरी ती किती वाजता संपते ते आधी बघा. दोनला संपणारी रात्र कुठल्याही प्रवाशाला झेपते. खरा खर्च हॉटेलचा असतो : त्या शनिवारी मध्यवस्तीतल्या खोल्या लवकर भरतात.

प्रश्न : आजच्या कलेतलं आम्हाला फारसं कळत नाही. रात्रभर तंगडतोड करून, न कळणाऱ्या वस्तू बघून, वर झोप गेली असं व्हायला नको. जाण्यात अर्थ आहे का?

आहे. हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅरिसच्या पहिल्याच वर्षी, २००२ च्या ५ ऑक्टोबरला, सोफी काल या कलावंतीणीने आयफेल टॉवरवर एक खोली थाटली आणि त्यात पलंग टाकून ती रात्रभर पडून राहिली. लोकांनी एकेकट्याने वर यायचं, उशाशी बसायचं आणि तिला जागं ठेवण्यासाठी गोष्ट सांगायची, पाच मिनिटांच्या आतली. बस, एवढीच कलाकृती. यात कळण्या-न कळण्यासारखं काय आहे? उंचावर एक बाई जागी आहे आणि अनोळखी माणसं तिला झोपू देत नाहीत. जो गेला, तो त्या कलाकृतीचा भाग झाला.

दुसरं उदाहरण टोरांटोचं. २०१३ साली आय वेवे या चिनी कलावंताने नेथन फिलिप्स चौकात ३,१४४ सायकली एकमेकींना जोडून उभ्या केल्या होत्या. समोरून बघितलं तर नुसती चाकं आणि सांगाडे. पण बाजूने चालत गेलं की मागची चाकं पुढच्या चाकांतून सरकताना दिसतात आणि स्थिर सायकली फिरत असल्याचा भास होतो. उभं राहून फोटो काढणाऱ्याला हे दिसत नाही, चालणाऱ्याला दिसतं. अशा कामांना आमचा पहिला नियम लागू होतो : फोन खिशात ठेवून आधी एक पूर्ण चक्कर मारा.

कार्यक्रमपत्रिकेत शंभराच्या आसपास नावं असली तरी घाबरू नका. त्यातली पाच निवडा. कशी? दोन मोठी, मोकळ्या चौकातली. ती कुठल्याही वेळी दिसतात. एक आवाजाची, म्हणजे चर्चमध्ये किंवा बोगद्यात वाजणारी. तिथे बसायला मिळतं आणि पायही विसावतात. एक अशी, की जी रात्रभर बदलत जाते : नर्तक पहाटेपर्यंत एकच हालचाल करत राहतो, कुणी बर्फ वितळू देतो, कुणी भिंत रंगवत जातो. हिला दोनदा भेट द्या, अकराला आणि चारला. अकराला जो नर्तक नेमका आणि ताठ होता, चारला त्याचे खांदे उतरलेले असतात, श्वास ऐकू येतो, एकेका पावलाला वेळ लागतो. हे दोन क्षण जोडून बघितले की काम आपोआप उलगडतं, त्यासाठी शास्त्र लागत नाही. पाचवी निवड आधी करू नका. वाटेत जिथे लोक गप्प उभे दिसतील तिथे थांबा. गोंगाट करणारी गर्दी कशानेही जमते, गप्प गर्दी सहसा चांगल्या कामापुढे असते.

रांगेचं गणित शिकून घ्या. आत एका वेळी किती लोक सोडतात आणि किती मिनिटांनी, हे पाहून घ्या. दर पाच मिनिटांनी दहा जण आत जात असतील आणि तुमच्यापुढे १२० माणसं असतील, तर एक तास. पाच मिनिटांच्या अनुभवासाठी एक तास उभं राहायचं की तीन मोकळ्या कलाकृती बघायच्या, ते तिथेच ठरवा. आमचं म्हणणं, मध्यरात्रीच्या आत वीस मिनिटांपेक्षा मोठ्या रांगेत उभं राहू नये. तीच रांग तीनला बहुधा विरलेली असते. फक्त एक खातरजमा करा : ती जागा तीनला उघडी असणार का? संग्रहालयं, दालनं, विद्यापीठाच्या इमारती पुष्कळदा मध्यरात्री किंवा दोनला बंद होतात. म्हणून बंदिस्त जागा आधी, मोकळे चौक नंतर.

पाटी वाचायची की नाही? वाचा, पण बघून झाल्यावर. आधी वाचलं की डोळे फक्त पाटीत लिहिलेलं शोधत राहतात. शेजारी उभे असलेले स्वयंसेवक कामाबद्दल बोलायला उत्सुक असतात, त्यांना बेधडक विचारा. रात्री तीनला तर त्यांनाही कुणीतरी बोलायला हवं असतं.

आणि एखादी गोष्ट भावली नाही तर तीन मिनिटांत निघा. त्यात अपमान कुणाचाच नाही.

प्रश्न : फेब्रुवारीच्या शेवटी मुलाकडे माँट्रियलला आहोत. तिथेही अशी रात्र असते म्हणे. माझं वय ६८, गुडघे दुखतात. सून म्हणते, चला. मला थंडीची भीती वाटते.

सूनबाईंचं ऐका, पण तीन तासांपुरतं.

माँट्रियलची पांढरी रात्र २००४ पासून, तिथल्या हिवाळी प्रकाशोत्सवाच्या सोबतीने भरत आली आहे. त्या दिवसांत रात्री उणे दहा किंवा त्याहून खाली जाणं नेहमीचं. तिथला मोठा आधार म्हणजे त्या रात्री मेट्रो रात्रभर चालू ठेवण्याची प्रथा, आणि शहराच्या पोटातून जाणारे सुमारे ३२ किलोमीटरचे बंदिस्त मार्ग. या मार्गांतही कलाकृती मांडल्या जातात, त्यामुळे थंडीला तोंड न देता पुष्कळ बघता येतं. आठ ते अकरा ही तुमची वेळ.

गुडघ्यांना त्रास चालण्याने कमी आणि जिन्यांनी जास्त होतो. माँट्रियलच्या सगळ्या मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट नाही. निघताना आणि परतताना लिफ्ट असलेलंच स्टेशन धरायला मुलाला सांगा. बाहेर पायवाटेवर बर्फ तुडवून काचेसारखा झालेला असतो. बुटाच्या तळाला अडकवायचे काटे दुकानात मिळतात, ते घ्या, आणि आत शिरताना काढा, कारण फरशीवर तेच घसरतात. पायांत लोकरीचे मोजे एकच जोड, सैल बुटात. दोन जोड कोंबले की रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गारठतात. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. दर अर्ध्या तासाने बसायला मिळेल असा मार्ग आखा. गुडघ्यांची नेहमीची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच, रात्र मोठी आहे म्हणून एखादी जास्त नको.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते. रात्री दोन-तीनला अनोळखी शहरात फिरणं शहाणपणाचं आहे का?

गर्दीच्या मार्गावर, हो. उत्सवाच्या रात्री मधल्या भागात दिवे असतात, स्वयंसेवक असतात, पोलीस असतात. जपायचं ते दोन कलाकृतींमधल्या रिकाम्या गल्लीत आणि परतीच्या वाटेवर. म्हणून हॉटेल उत्सवाच्या भागापासून चालत पंधरा-वीस मिनिटांत असेल तरच पूर्ण रात्र करा. दूर असेल तर वाहतूक चालू असेपर्यंतच थांबा. मध्यरात्रीनंतर दारू प्यालेल्यांची संख्या वाढते, एक ते अडीच हा त्रासाचा काळ. त्या वेळी बंदिस्त कार्यक्रमात बसा आणि तीनला पुन्हा बाहेर या.

फोनवर सगळी भिस्त ठेवू नका. रोममध्ये २००३ च्या सप्टेंबरात पहिलीच पांढरी रात्र चालू होती आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास जवळपास सगळ्या इटलीची वीज गेली. पाऊस, अंधार, बंद पडलेली मेट्रो, आणि लाखो लोक घराबाहेर. असं सहसा होत नाही, पण बॅटरी संपणं किंवा गर्दीत नेटवर्क गळणं रोजचंच आहे. हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर, एक कार्ड आणि थोडी रोकड मुख्य पर्सपासून वेगळी, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवलेला. दहा हजार एमएएचची पॉवर बँक रात्रभर पुरते. ती सुमारे ३७ वॅट-तासांची, विमानात नेता येते, मात्र हातातल्या बॅगेतच. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत आणि त्याची छायाप्रत जवळ. मोठी पाठपिशवी नको. तपासणीत वेळ जातो आणि काही ठिकाणी आत नेऊच देत नाहीत.

घरच्यांना 'पोचले' हा निरोप किती वाजता येईल ते आधी सांगून ठेवा, म्हणजे तुम्हाला मध्ये मध्ये फोन काढावा लागणार नाही.

प्रश्न : जागं राहायला कॉफी किती प्यावी? आणि पाऊस आला तर?

कॉफी एकदम मोठा पेला नको. अकराला अर्धा कप, एकला अर्धा, तीनला शेवटचा. कॅफीन अंगातून निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. पाचला प्यायलात तर सातला अंथरुणावर पडून छत बघत राहाल. त्यापेक्षा दर तासाला दहा मिनिटं बसणं, घोट घोट पाणी आणि दोनच्या सुमारास थोडं गरम खाणं जास्त उपयोगी. तीननंतर खाण्याची दुकानं शोधावी लागतात, म्हणून मूठभर सुकामेवा जवळ ठेवा. स्वच्छतागृह दिसलं की गरज नसली तरी जाऊन या, बारानंतर बऱ्याच संग्रहालयांची दारं बंद होतात आणि बाहेरच्या फिरत्या शौचालयांपुढे रांग असते.

पाऊस आला तर विजेवर चालणारी उघड्यावरची कामं आधी बंद करतात, कापडाची आणि फुगवलेली त्यानंतर. भुरभुर असेल तर जा, ओल्या रस्त्यावर प्रकाशचित्रं दुप्पट दिसतात. छत्री नको, ती मागच्याचं सगळं झाकते, टोपीचा रेनकोट घ्या. मुसळधार असेल तर दोन तास खोलीत झोपा आणि एकला खिडकी उघडून बघा. पाऊस थांबलेला असेल तर तेव्हा बाहेर पडलात तरी चार तास हातात असतात.